गाडीत बसायची बारी

दसरा झाला की इथं चाकणला एखाद्या दुपारी अचानक आभाळ भरून येतं आणि चाळीतल्या बाया दोरीवरचे कपडे ओढायला धावतात. मीही धावते. पण कपडे काखेत घेऊन मी तशीच आभाळाकडं बघत उभी राहते. शेजारच्या ताई विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही. काय सांगणार? इथं माझं वावर नाही, धुरा-बांध नाही, सोंगून-कापून ठेवलेलं सोयाबीन नाही. पण तिकडं, अमरावतीच्या अंगाला, कोणाची तरी कापलेल्या सोयाबीनची गंजी उघडी असेल, ताडपत्रीला भोकं असतील, हेच डोक्यात फिरतं. काळजीची सवय एकदा लागली की जमीन सुटली तरी ती सुटत नाही.

दुसरी सवय थांब्यावरची. आमच्या कंपनीची गाडी सकाळी नाक्यावर येते. मी सगळ्यांच्या आधी, पुरतं उजाडायच्याही आधी तिथं जाऊन उभी राहते. सोबतच्या पोरी हसतात. "काकू, गाडी पळून जाते का हो?" पळून नाही जात. पळून जाणारी गाडी निदान दिसते तरी. मला भीती असते ती न येणाऱ्या गाडीची.

कंपनीत आम्ही मोटारींच्या आतल्या वायरी बांधतो. लाल, पिवळ्या, काळ्या वायरी एका फळीवर मांडायच्या, टेप गुंडाळायची, जुडगा पुढं सरकवायचा. नववी पास बाईला एवढं काम मिळालं, त्याचा उपकार मी विसरत नाही. घरचं भाडं, पोराची फी, सगळं त्या जुडग्यांवर चाललं आहे. मोटारींबद्दल वाकडं बोलताना म्हणून माझी जीभ अडखळते. तरी सोयाबीनचे दिवस आले की बोलावंसं वाटतंच.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढं, मोठ्या रस्त्याचा फाटा सोडून आत. गावाला एक लाल गाडी होती. दिवसातून दोनदा यायची, पण तिची खरी खेप संध्याकाळची. त्या खेपेला ती परत जात नसे. मारोतीच्या पारापाशी उभी राहायची आणि डायवर-कंडक्टर गावातच झोपायचे. मुक्कामाची गाडी. सकाळी तीच गाडी आम्हा शाळेच्या पोरींना, दूधवाल्यांना आणि कोर्टकचेरीच्या माणसांना घेऊन निघायची.

त्या दोघांचं रात्रीचं जेवण गावाकडं. घरोघरची बारी लावलेली होती. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. कोणी ठरवून दिलं होतं माहीत नाही, आमच्या जन्माआधीपासून चालत आलेलं. बारीच्या घरातलं माणूस संध्याकाळी पाराजवळ जाऊन उभं राहायचं आणि गाडी थांबली की म्हणायचं, "चला भाऊ, हातपाय धुवा." ज्या घरी जे असेल ते. आमच्या घरी आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. पलीकडे खातून चाचीकडं बारी असली की अंड्याचा रस्सा, आणि त्या दिवशी डायवर इंगळेभाऊ हॉर्न जरा लांब वाजवत यायचे. चाचीचा नवरा अमरावतीच्या बाजारात ताडपत्र्या विकायचा. तिची भाषा अर्धी त्यांच्या घरची हिंदी, अर्धी आमची. "इंगळेभाऊ, मेरी बारी को तुमारी गाडी टाइम पे कैसी आती जी?" ती विचारायची. इंगळेभाऊ म्हणायचे, "चाची, गाडीलेबी नाक हाये."

रस्ता मात्र वाईट होता. काळी माती. पावसाळ्यात चाक धरून ठेवायची. मग गाडी फाट्यावरच थांबायची आणि आम्ही पोरी चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखल तुडवत फाट्यापर्यंत जायचो. डांबरी रस्ता व्हावा ही आख्ख्या गावाची मागणी. माझे बाबा तर कोणी पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की तेवढंच बोलायचे.

झाला रस्ता. कसा झाला ते आठवलं की अजून वाईट वाटतं. त्या वर्षांत आमच्या भागात मोठ्या लोकांच्या गाड्या फार यायच्या. कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी वावरातून परत आलेलं नसायचं, आणि त्या घराला भेट द्यायला मोठी माणसं यायची. आमच्या पुढच्या गावात असंच झालं. मोठी गाडी यायची म्हणून आमच्यावरून जाणारा रस्ता घाईघाईनं डांबरी झाला. एका ओळीत गाड्या आल्या, धूळ न उडवता आल्या, काचा वर करून गेल्या. त्या घराच्या पदरात काय पडलं मला माहीत नाही. आमच्या पदरात रस्ता पडला. बाबांनी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि म्हणाले, "गरम हाये वं. पन मऊ हाये."

कोणाच्या तरी मरणानं मिळालेल्या वस्तूचा आनंद करावा की नाही, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. आम्ही केला.

पहिल्या पावसाळ्यात गाडी एकही दिवस फाट्यावर थांबली नाही. पारापर्यंत यायची. आम्हाला वाटलं, आता पोरी बारावीच काय, पुढंही शिकतील. पण चांगल्या रस्त्यावरून फक्त आपलीच गाडी येत नाही. दोन वर्षांत गावात मोटारसायकली आल्या. मग काळी-पिवळी जीप आली. ती दाराशी थांबायची, हाक मारून न्यायची, वाटेत कुठंही उतरवायची. लाल गाडी आपल्या वेळेला निघायची आणि पारापाशीच थांबायची. माणसाला दारापाशी आलेलं आवडतं. त्यात कोणाचं चुकलं म्हणू? मीसुद्धा आज दाराशी आलेली रिक्षा सोडत नाही.

हळूहळू लाल गाडीत उरलो आम्ही पासवाल्या पोरी, म्हातारी माणसं आणि बाया. कंडक्टर वानखडेभाऊंच्या हातातलं तिकिटांचं पंचिंग आधी सारखं टकटक करायचं. ते आता मांडीवर गप्प पडलेलं असायचं. एका संध्याकाळी पारावर बसून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "भारमान लय कमी झालं. डेपोतून विचारून राहिले, खेप कावून चालवाची? सोयाबीनच्या सीझनले तपासनीस येतीन. गाडी भरलेली दिसली त ठीक, नाई त बंद."

भारमान म्हणजे गाडीत किती माणसं बसतात त्याचं माप. ते पोरींच्या पासानं पुरेसं भरत नव्हतं, तिकिटं फाडणारे लागत होते.

कोणी म्हणालं अर्ज करू, कोणी म्हणालं मोर्चा नेऊ. चाची शेळी हाकत चालली होती. जाता जाता ती म्हणाली, "खिलाने की बारी लगाते तुम लोगां. बैठने की बी लगाव ना." तिनं थट्टा केली होती. सगळे हसलेही. पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "चाची, खरंच लावू."

आणि लावली. जेवणाच्या बारीसारखी बसायची बारी. रोज ठरल्या घरांतल्या माणसांनी काम असो नसो, तिकीट काढून सकाळच्या गाडीनं नांदगावला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचं. दुनियेत कुठं असं झालं असेल असं मला वाटत नाही. गाडी रिकामी दिसू नये म्हणून गाव पाळीपाळीनं फिरायला निघालं.

ते भादव्याचे दिवस मी कधी विसरणार नाही. संपतआजा, ज्यांना चालता येत नव्हतं नीट, ते धुतलेलं धोतर नेसून पहिल्या सीटवर बसायचे. नांदगावला स्टँडवर उतरून तिथंच बाकावर बसून राहायचे, शेंगदाणे खायचे, आलेल्या-गेलेल्यांशी बोलायचे आणि संध्याकाळी परत. "काय आनलं आजा?" विचारलं की म्हणायचे, "भारमान आनलं."

बायांची तर चंगळ झाली. एरवी बाईनं एकटीनं तालुक्याला जायचं म्हणजे दहा जणांना कारण सांगावं लागायचं. आता कारण गावानंच दिलं होतं. माझी माय लग्न होऊन आल्यापासून एकटी कधी नांदगावला गेली नव्हती. बारी आली तेव्हा तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. बाबा म्हणाले, "मी जातो, तू ऱ्हाय." माय म्हणाली, "कावून? बारी घराची हाये का तुमची हाये?" आणि जाऊन खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी, दप्तर मांडीवर घेऊन. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता आणि ती तो सावरत नव्हती. वानखडेभाऊंनी तिचं तिकीट टक करून फाडलं. तिनं ते घरी येईपर्यंत मुठीत धरलं होतं. मी शाळेत असताना ती बाजार फिरली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि ज्या शाळेत मी जायची ती बाहेरून पाहून आली. संध्याकाळी मला म्हणाली, "लय मोठी हाये वं तुही शाया. फाटकातून मले डोकंबी नाई दिसलं तुहं."

मग सोयाबीन पिवळं पडलं.

सोयाबीनचं असं आहे की ते वाट बघत नाही. वाळलं की सोंगावं लागतं, नाही तर शेंगा उकलून दाणा मातीत जातो. त्या वर्षी वरून ढग. परतीचा पाऊस कुठंतरी अकोल्याकडं पडतोय अशी बातमी रोज यायची. माणूस मिळेना. ज्याच्या-त्याच्या घरातलं हात-पाय हलवणारं प्रत्येक माणूस वावरात. सकाळी गाडीत बसून दिवसभर स्टँडवर शेंगदाणे खाणारं माणूस कोणाला परवडणार? आधी एका घराची बारी चुकली. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात दोनदा जाऊ. मग दुसऱ्या घराची. मग संपतआजासुद्धा गंजीवर राखणीला बसले.

आणि आम्ही पोरी. बाबा मला म्हणाले, "चार दिवसाची त गोष्ट हाये, रंजू. सोयाबीन निघालं का जाय शायेत." ते वाईट नव्हते. माझ्या शाळेसाठी गावात सगळ्यात जास्त तेच बोललेले. पण वर आभाळ होतं. सगळ्यांच्या घरी हेच. आम्ही सगळ्या पोरी विळे घेऊन वावरात. नववी होऊन मी दहावीत बसले होते.

आमच्या वावरातून तो नवा रस्ता दिसायचा. सकाळी गाडी जायची, आतून आरपार उजेड दिसायचा. माणसं नसली की गाडीच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीतलं आभाळ दिसतं. मी वाकून सोंगत होते. पाहिलं की पुन्हा वाकत होते.

रस्त्याची अर्धी बाजू तर गावानं खळ्यासारखी वापरली होती. डांबर तापतं, दाणा लवकर वाळतो. इंगळेभाऊ गाडी अगदी कडेनं, एक चाक खाली उतरवून काढायचे. कोणाच्या दाण्यावरून त्यांनी चाक नेलं नाही. ज्यांच्या घरची भाकर खाल्ली त्यांचा दाणा, असं असेल त्यांच्या मनात.

त्या आठवड्यात जेवणाची बारी आमच्या घरी आली. माय दिवसभर वावरात वाकलेली. बोटं कापलेली, तरी चुलीपुढं बसली. पिठलं केलं, गरम भाकरी टाकल्या. वानखडेभाऊ जेवत होते, पण घास घोळत होता. शेवटी म्हणाले, "वयनी, एक सांगू? मले भाकर नका देऊ एक टाइम. पन दोन तिकिटं फाडू द्या."

माय थबकली. तिला आधी राग आला असावा. घरी आलेल्या माणसानं भाकर नको म्हणणं आमच्याकडं चांगलं नाही. म्हणाली, "असं कसं भाऊ. तुमी आमच्या गावात उपाशी झोपान का? सोयाबीन निघू द्या. मंग मीच येतो रोज, खिडकीत बसतो."

"हाव," ते म्हणाले. अजून एक भाकर त्यांनी मागून घेतली. आता कळतं, ती त्यांनी मायसाठी खाल्ली.

मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. त्या सगळ्या दिवसांत, इतकी घाई, इतकं भय, पण जेवणाची बारी एकाही घरानं चुकवली नाही. बसायची बारी सगळ्यांनी चुकवली. आम्हाला वाटायचं गाडी आपल्याकडं पाहुणी येते. पाहुण्याला जेवू घातलं की तो येत राहतो. गाडी तिकिटावर येते हे आम्हाला सांगूनही पटलं नाही.

तपासनीस कधी येऊन गेले कोणाला कळलं नाही. एका संध्याकाळी गाडी आली नाही, एवढंच. त्या दिवशी बारी खातून चाचीची होती. तिनं रस्सा करून ठेवला होता. पारावर आम्ही पोरी बसलेलो, तीही पदर डोक्यावर घेऊन उभी. फाट्याकडून मोटारसायकली आल्या, जीप आली, एक पांढरी मोटार वाट चुकून आली आणि वळून गेली. अंधार पडला तशी चाची म्हणाली, "चलो बेटा, तुमीच खा लो. खाना मेहमानों का है, फेंकते नहीं." आम्ही तिच्या ओसरीवर ओळीनं बसून जेवलो. रस्सा फार छान झाला होता. चाचीनं वाढताना फक्त एवढंच म्हटलं, "मैं तो मजाक में बोली थी. पर बात सही थी ना?"

सोयाबीन निघालं. भाव काही धड आला नाही, ते वेगळंच. पण निघालं. आणि शाळेत जायला गाडी नव्हती. जीप भरली की निघायची, मागं माणसं लोंबकळायची, मागच्याच महिन्यात एक उलटली होती. तीत वयात आलेली पोर कोणी बसवेना. आमच्यातल्या एकीला मामाकडं ठेवलं, दोघींची लग्नं ठरली. माझं दप्तर खुंटीला राहिलं. बाबा बरेच दिवस डेपोत खेटे घालत होते. तिथला साहेब भला माणूस होता म्हणे, चहा पाजायचा आणि म्हणायचा, रिकामी गाडी कशी चालवू? त्याचंही खोटं नव्हतं. दप्तर काढून ठेवायचं मात्र बाबांना शेवटपर्यंत जमलं नाही.

आता बडनेऱ्याला उतरून गावाकडं जाते तेव्हा रस्ता ओळखू येत नाही. रुंद झाला आहे. दोन्ही बाजूचे कडुनिंब गेले, सावली गेली, संपतआजाच्या वावराची एक पट्टी गेली. मोठ्या रस्त्याला मध्ये दुभाजक आहे. बैलगाडीनं पलीकडच्या वावरात जायचं तर लांबचा वळसा. फाट्यावर निवारा आहे, पत्रा उडालेला, खाली कुत्री झोपतात. त्याच्या समोरून मोटारी जातात, बहुतेक मोटारींत एकच माणूस. त्यांतल्या एखाद्या मोटारीत माझ्या हातचा जुडगा असेल, असं मनात येतं आणि मी दुसरीकडं बघते.

रस्ता सगळ्यांच्या पैशाचा असतो आणि गाडी ज्याची त्याची. ज्याच्याकडं गाडी नाही त्याचाही पैसा त्या रस्त्यात आहे, काड्याच्या पेटीवर कर भरतो ना तो. जमीन त्याची गेली, झाड त्याचं गेलं. त्याच्या वाट्याला काय, तर कडेला उभं राहणं. मी शिकलेली नाही, माझा हिशेब चुकत असेल. पण मायकडं बघितलं की मला तो बरोबर वाटतो. मायला एका डोळ्यानं कमी दिसतं. अमरावतीला डॉक्टरकडं जायचं तर ती माझ्या भावाला, गजूला विचारते, "तू कधी मोकळा हायेस गा?" तो म्हणतो, बघतो. तोही खोटं बोलत नाही, त्याला खरंच वेळ नसतो. मोटारसायकलवर मागं बसली की पडायच्या भीतीनं ती डोळे मिटून घेते. खिडकीशी बसून पदर उडवत गेलेली बाई, "बारी घराची हाये का तुमची हाये" असं विचारणारी. तिच्या आवाजातला तो ताठा कोणत्या रस्त्याखाली गेला, हे कोणत्याही खर्चात लिहिलेलं नसेल.

परवा आभाळ आलं म्हणून मी गजूला फोन लावला. मागं मळणीयंत्र घरघरत होतं. त्याची पोरगी, माझी भाची कोमल, दहावीत आहे. तो तिला रोज सकाळी मोटारसायकलवर शाळेत सोडतो. मी विचारलं, कोमल शाळेत गेली का? म्हणाला, "कोन नेऊन देईन ताई? मशीन आज भेटली, उद्या दुसऱ्याकडं जाईन. राहू दे घरी. चार दिवसाची त गोष्ट हाये."

मी म्हटलं, "गजू, मलेबी चारच दिवस सांगतले होते."

मशीन चालू होतं. मग म्हणाला, "बघतो." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी नाक्यावर उभी असताना कोमलचा फोन आला. ती फाट्यावर होती. सोबत तिची आजी. मायनंच तिला पहाटे उठवलं होतं, गावापासून फाट्यापर्यंत दोघी चालत आल्या होत्या. "आत्या, आजी म्हनते, कोनी ना कोनी थांबीनच. पाहून पाहून नेईन, बाईमानूस असलेल्या गाडीतच बसवीन म्हनते. ते हात दाखवून राहिली."

"थांबतात का गं?"

"आतापरेंत नाई."

तेवढ्यात माझी गाडी आली. बरोबर माझ्या पुढ्यात थांबली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "चला ताई." मी चढले, खिडकीशी बसले. फोन कानाला तसाच होता. तिकडून मायचा आवाज आला, "ए बापा, थांब ना गा." आणि मग नुसत्या गाड्या जाण्याचा आवाज, एकामागून एक.